टेर्व्हूरेनचं आफ्रिका म्युझियम: एका दिवसात नीट कसं पाहावं

ब्रसेल्सला आलेला मराठी पाहुणा एका दिवसात ग्रँड प्लेस, ॲटोमियम, तो शू करणारा पोरगा आणि चॉकलेटची तीन दुकानं उरकतो आणि दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅमची गाडी पकडतो. आमच्याकडे उतरलेल्यांकडून मी आणखी एक दिवस मागून घेतो. तो दिवस टेर्व्हूरेनचा. शहराच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला वसलेल्या या गावात मध्य आफ्रिकेचं शाही संग्रहालय आहे. आता त्याला सगळे ‘आफ्रिका म्युझियम’च म्हणतात. लोकजीवनाच्या लाखाहून जास्त वस्तू या एका संस्थेकडे आहेत, आणि त्यातल्या बहुतेक काँगोमधून आलेल्या.

पाहुण्यांबरोबर आत्तापर्यंत माझ्या सहा फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन पाण्यात गेल्या. पहिल्यांदा सोमवारी गेलो आणि बंद दाराचा फोटो काढून परत आलो. दुसऱ्यांदा सगळंच पाहायचं ठरवलं, आणि दीड तासात सगळे मुखवटे एकसारखे दिसायला लागले. खाली जे सांगतोय ते नंतरच्या चार फेऱ्यांतून सुचलेलं आहे.

निघण्याआधी अर्धा तास

घरीच चहा घेताना पाहुण्यांना थोडा इतिहास सांगून टाका. तो माहीत नसेल तर आतलं सगळं म्हणजे देखण्या लाकडाचा ढीग.

१८८५ ते १९०८ या काळात काँगो ही बेल्जियमची वसाहत नव्हती. ती दुसऱ्या लिओपोल्ड राजाची खासगी मालमत्ता होती. बेल्जियमच्या कित्येक पट मोठ्या मुलखाचा सातबारा एका माणसाच्या नावावर, आणि तो माणूस तिथे एकदाही गेला नाही. हस्तिदंत आणि रानातलं रबर गोळा करण्याची सक्ती, ती पुरी झाली नाही तर फटके, ओलीस ठेवलेल्या बायका, जाळलेली गावं, तोडलेले हात. जगभर बोंब झाली तेव्हा १९०८ मध्ये बेल्जियम सरकारने काँगो आपल्याकडे घेतलं. ३० जून १९६० ला तो देश स्वतंत्र झाला.

या संग्रहालयाचं मूळ १८९७ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात आहे. राजाने त्याचा काँगो विभाग टेर्व्हूरेनच्या आपल्या बागेत मांडला. वस्तूंबरोबर २६७ काँगोलीज माणसंही आणली होती. तळ्याकाठी झोपड्यांची गावं उभारून त्यांना दिवसभर तिथे बसवलं, आणि लाखो लोक त्यांना बघायला आले. त्यांतली सात माणसं त्या उन्हाळ्यात मेली. हा आकडा लक्षात ठेवा, दिवसभरात दोनदा लागणार आहे.

प्रदर्शन इतकं चाललं की राजाने काँगोच्याच पैशातून कायमचा महाल बांधायला काढला. वास्तुकार शार्ल जिरो, पॅरिसचा पेती पाले बांधणारा. इमारत १९१० मध्ये उघडली, त्याआधी काही महिने राजा वारला होता. २०१३ मध्ये संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं, आणि ८ डिसेंबर २०१८ ला नव्या मांडणीसह पुन्हा उघडलं. या मांडणीवर अजूनही वाद चालू आहेत. मला त्यातले निम्मे पटतात.

कसं आणि कधी

मेट्रोने माँटगोमेरी स्टेशन गाठा. तिथूनच ४४ नंबरची ट्राम सुटते. शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा, साधारण पंचवीस मिनिटं. निम्मी वाट उंच झाडांच्या रानातून जाते. शरद ऋतूत पाहुणे एवढ्यावरच खूश असतात. हा ट्राममार्गही त्याच १८९७ च्या प्रदर्शनासाठी टाकलेला आहे, म्हणजे आपण त्या गर्दीच्याच वाटेने जातो. थांब्यापासून संग्रहालय पाच मिनिटांच्या चालीवर.

सोमवार टाळा. मंगळवार ते शुक्रवार दार अकराला उघडतं, शनिवार-रविवारी दहाला. सणासुदीच्या दिवसांच्या वेळा आणि तिकिटाचे दर संकेतस्थळावर पाहून घ्या. बेल्जियममध्ये राहणाऱ्यांकडे वर्षाचा म्युझियम पास असेल तर तो इथे चालतो. जेवणाचा डबा न्या. मागची बाग मोठी आहे, तळं आहे, आणि तिथे बसून थालीपीठ खाल्लं तर कोणी हटकत नाही. पाऊस आला तर आत उपाहारगृह आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो: शक्यतो ऊन असलेला दिवस निवडा. बेल्जियममध्ये ही अट जरा जास्तच आहे, पण एका दालनाला खरोखरच ऊन लागतं. कारण पुढे येईल.

मनाशी चार प्रश्न

दुसऱ्या फेरीतल्या फजितीनंतर मी एक नियम केला. पूर्ण भेटीत फार तर दहा वस्तूंसमोर थांबायचं, आणि प्रत्येकीला तेच चार प्रश्न विचारायचे. ही कोणी, कशासाठी केली? काचेत आणता न आलेलं हिच्या सोबतीचं काय होतं? ही इथवर कशी पोचली? आणि हिची माणसं आज कुठे आहेत? बाकीच्या कपाटांवरून नुसती नजर फिरवली तरी चालते. पाट्या डच, फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजीत आहेत. पाटीवर वस्तू मिळाल्याचं साल दिलं असेल तर आधी ते वाचा. १९०८ च्या आधीचं असेल तर तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या.

भुयारातून सुरुवात

प्रवेश जुन्या महालातून होत नाही. शेजारी काचेची नवी इमारत आहे. तिकीट तिथे काढायचं, कोट आणि पिशव्या ठेवायच्या आणि जिना उतरायचा. खाली एक लांबलचक पांढरं भुयार आहे, आणि त्यात एकच वस्तू: एका अखंड झाडाच्या बुंध्यातून कोरलेली साडेबावीस मीटरची होडी. लेंगोला लोकांनी केलेली. १९५७ मध्ये बेल्जियमचा माजी राजा तिसरा लिओपोल्ड काँगोच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तो या होडीतून फिरला होता. कोकणातल्या पाहुण्याला इथून हलवणं अवघड जातं. रत्नागिरीकडचे एक काका तिच्या काठावरच्या तासणीच्या खुणा वाकून बघत दहा मिनिटं उभे होते. त्यांना घाई केली नाही, आणि तुम्हीही करू नका.

भुयार संपलं की तळघरातच एका खोलीत जुने पुतळे गर्दी करून उभे दिसतील. वसाहतीच्या काळात युरोपीय शिल्पकारांनी घडवलेले ‘आफ्रिकन’ आहेत हे, अंगावर चालून येणारे नाहीतर गुडघे टेकलेले. त्यात पॉल विसार्टने केलेला बिबळ्या माणूसही आहे, नखं परजत झोपलेल्या माणसावर झेपावणारा. पिढ्यान् पिढ्या बेल्जियन पोरांनी आफ्रिका म्हणून हेच पाहिलं. नूतनीकरणात हे पुतळे दालनांतून काढून इथे आणले. शेजारी काँगोचे चित्रकार शेरी साम्बा यांचं २००२ मधलं चित्र आहे: संग्रहालयाच्या पायऱ्यांवर तोच बिबळ्या माणूस, काळी माणसं दोर लावून त्याला बाहेर ओढतायत, गोरी माणसं आत. रस्सीखेच चाललीय आणि संचालक बघत उभे आहेत. या संग्रहालयाची एवढी नेमकी ओळख कुठल्याच माहितीपत्रकात मिळणार नाही. आधी चित्र बघा, मग पुतळे.

मुखवट्यांपाशी सगळ्यात जास्त वेळ द्या

वर आलात की विधी आणि समारंभांचं दालन शोधा. इथे किमान एक तास.

मुखवटा दिसला की आपण चेहरा बघतो: डोळे, नाक, ओठ. तिथेच चुकतं. ज्यांनी तो केला त्यांच्या दृष्टीने हा नुसता तुकडा आहे. त्याखाली राफिया नावाच्या ताडाच्या धाग्यांचा झगा होता, पायात घुंगरांसारखं वाजणारं काही होतं, ढोल होता, ठरावीक ऋतू होता, आणि तो कोणी बघायचा, कोणी नाही, याचेही नियम होते. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळतं. बोहाड्याचा मुखवटा भिंतीवर टांगला की कलावस्तू होतो. मशालीच्या उजेडात, संबळाच्या तालावर तो आला की गावकरी हात जोडतात, कारण तेव्हा तो देव असतो. काचेमागच्या प्रत्येक मुखवट्याला मनातल्या मनात मशाल आणि संबळ द्या.

लुबा लोकांचा वाकड्या शिंगांचा मोठा लाकडी मुखवटा या संग्रहालयाची ओळखच बनला आहे. त्याच्यासमोर गर्दी असते. मला त्याहून जवळचे वाटतात कासाई भागातल्या कुबा लोकांचे मुखवटे, कारण ते लाकडाइतकेच मण्यांचे, कापडाचे आणि कवड्यांचे आहेत.

हो, कवड्यांचे. सोलापूरकडच्या माझ्या एका मावशींना आतापर्यंतचं सगळं ‘बरं आहे’ एवढंच वाटलं होतं. कुबा मुखवट्यापाशी त्या थबकल्या. त्यांच्या माहेरी तुळजाभवानीची परडी आहे, आईच्या गळ्यात कवड्यांची माळ असायची. “ही आपलीच कवडी,” त्या म्हणाल्या, आणि गंमत म्हणजे ते अगदी चूक नव्हतं. चलन म्हणून जगभर फिरलेली छोटी पिवळसर कवडी मुख्यतः मालदीवच्या समुद्रातली. तिथून ती बंगालमध्ये यायची, बंगालहून जहाजाच्या तळाशी भार म्हणून लंडन-ॲमस्टरडॅमला, आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तिथे तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. काँगोच्या आतल्या भागात ती वेगवेगळ्या वाटांनी पोचली आणि कुबा राज्यात नाणं म्हणून चालली. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो. तिथे राजाचा झगा कवड्यांनी मढवलेला असायचा.

याच भागातलं राफियाचं कापड चुकवू नका. पुरुष विणतात, बायका त्यावर भरतकाम करून धागे बारीक कातरतात, आणि कापडाला मखमलीसारखी लव येते. नक्षी सरळ चालता चालता मध्येच वाट बदलते. पैठणीच्या काठाची शिस्त डोळ्यांत बसलेल्याला ती आधी चूक वाटते. पाच मिनिटं बघत राहिलं की कळतं, चूक मुद्दाम आहे.

खिळे ठोकलेला माणूस

एक मूर्ती बहुतेकांना अस्वस्थ करते. लाकडी पुरुष, आणि अंगभर ठोकलेले लोखंडी खिळे आणि पाती. काँगो नदीच्या मुखाकडचे लोक अशा मूर्तीला न्किसी न्कोंडी म्हणतात. आपल्या पाहुण्यांचा पहिला उद्गार ठरलेला: “करणी!” मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं.

खरं म्हणजे ते कोकणातल्या गाऱ्हाण्याच्या जास्त जवळ आहे. दोन घरांत भांडण झालं, करार झाला, कुणी शपथ घेतली, की न्गांगा, म्हणजे विधी जाणणारा माणूस, मूर्तीत एक खिळा ठोकायचा. आता याला मूर्ती साक्षी. शब्द मोडला तर ती मागे लागणार. प्रत्येक खिळा हे एक प्रकरण आहे. पोटापाशी शंख किंवा आरशाने झाकलेली पोकळी असते, तिच्यात भारलेली द्रव्यं असतात. मूर्तीचं बळ त्यांच्यात असतं, लाकडात नाही. करणी लपून करतात. हे चारचौघांत व्हायचं.

आता तिसरा प्रश्न. इथली एक प्रसिद्ध न्किसी बोमा गावाजवळच्या ‘ने कुको’ नावाच्या सरदाराकडची. १८७८ मध्ये अलेक्सांद्र देलकोम्यून या बेल्जियन व्यापाऱ्याने तिथल्या सरदारांवर हल्ला केला आणि ती उचलून नेली. सरदाराने ती परत मिळवायचा प्रयत्न केला, मिळाली नाही. ज्या मूर्तीत गावाचे सगळे शब्द ठोकलेले आहेत ती गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे काचेसमोर उभं राहून जरा मोजून बघा.

ताब्वा सरदार लुसिंगाच्या घराण्यातल्या पूर्वजाची मूर्तीही अशीच आलेली. १८८४ मध्ये एमिल स्टॉर्म्स या अधिकाऱ्याच्या माणसांनी लुसिंगाला मारलं आणि त्याचं डोकं कापलं. मूर्ती आणि कवटी दोन्ही बेल्जियमला आल्या.

घुमटाखाली आणि उन्हात

आता जुन्या महालाच्या मुख्य घुमटाखाली या. संगमरवर, दुहेरी ‘एल’ची राजमुद्रा, आणि कोनाड्यांतले सोनेरी पुतळे. त्यांत बेल्जियम काँगोला संस्कृती, आधार, सुख वगैरे बहाल करतंय. इमारत संरक्षित वारसा असल्याने हे पुतळे काढता येत नाहीत. म्हणून मध्यभागी एमे म्पाने या काँगोलीज शिल्पकाराचं भलंमोठं लाकडी जाळीदार मस्तक ठेवलं आहे, आणि नंतर त्याच्या समोर लुसिंगाची कवटी, त्याच शिल्पकाराने घडवलेली. पुतळ्यांपुढे आरपार दिसणारे छापील पडदेही लावले आहेत. एका कोपऱ्यात उभं राहून पडद्यातून पुतळा पाहा. दोन चित्रं एकमेकांत मिसळतात. पुरेसं आहे का हे? मला तरी वाटत नाही, पण बघण्यासारखं नक्की आहे.

ऊन हवं होतं ते स्मृतिदालनासाठी. इथल्या भिंतीवर १८७६ ते १९०८ या काळात काँगोत मेलेल्या १,५०८ बेल्जियनांची नावं आहेत. मेलेल्या काँगोलीज माणसांचं एकही नाव नाही. फ्रेडी त्सिम्बा या किन्शासाच्या, म्हणजे काँगोच्या राजधानीतल्या, कलाकाराने समोरच्या खिडक्यांच्या काचांवर बेल्जियमला आणून मेलेल्या काँगोलीज माणसांची नावं लिहिली. ऊन पडलं की त्या नावांची सावली सरकत सरकत बेल्जियन नावांवर येते. ढग आला की पुसली जाते. आम्ही एकदा चाळीस मिनिटं ढग हटायची वाट पाहिली होती.

बाकीचं भरभर

मगरींचं दालन १९१० च्या काळातलं जसंच्या तसं ठेवलंय. संग्रहालयं तेव्हा कशी असत हे पाहायला दोन मिनिटं पुरे. पेंढा भरलेला हत्ती आणि ओकापी (जिराफाच्या कुळातला प्राणी) मुलांसाठी. वाहतूक सांभाळणारा किन्शासाचा यंत्रमानवही त्यांना आवडतो, आणि काँगो म्हणजे नुसते मुखवटे हा समज तो एका झटक्यात काढतो. खनिजांच्या दालनात मात्र मोबाइल हातात घेऊन जा. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट आज काँगोतून निघतो, आणि हिरोशिमावरच्या बॉम्बमधलं बरंचसं युरेनियम तिथल्या शिंकोलोब्वे खाणीतलं होतं. कातांगातली तांब्याची फुलीच्या आकाराची जुनी नाणी दिसली तर थांबा. ती उचलून बघावीशी वाटतात.

थकल्यावर संगीताचं दालन. कानाला लावायची यंत्रं आहेत, बसायला जागा आहे. तिथल्या कितीतरी भाषांत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. म्हणून दोन सुरांचा लाकडी ढोल वाक्याची चाल वाजवून कोसभर निरोप पोचवू शकतो. अंगठ्यांनी वाजवायचं लिकेम्बे ऐका, मग काँगोलीज रुम्बा. या रुम्बाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळाली. ज्येष्ठांना इथे बसवून तुम्ही एक चक्कर मारून येऊ शकता.

कुणी जंजिऱ्याचे सिद्दी किंवा मलिक अंबर यांचा मुलूख इथे शोधायला लागलं तर आधीच सांगा: अंबर इथिओपियाचा, आणि इथला मुख्य भर काँगो, रवांडा, बुरुंडीवर आहे.

‘परत का देत नाहीत?’

हा प्रश्न परतीच्या ट्राममध्ये हमखास निघतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. १९७० च्या दशकात काँगोचे तेव्हाचे हुकूमशहा मोबुतू यांच्या मागणीनंतर शंभराहून थोड्या जास्त वस्तू किन्शासाला गेल्या. त्यातल्या काही पुढे युरोपच्या कलाबाजारात निघाल्या, आणि ‘बघा, सांभाळता येत नाही’ म्हणायला लोकांना आयतं निमित्त मिळालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमने काँगो सरकारला सुमारे ८४,००० वस्तूंची यादी दिली. त्याच वर्षी वस्तू परत करण्यासाठी कायदा झाला. जूनमध्ये राजा फिलिप किन्शासाला गेले तेव्हा सुकू लोकांचा काकुंगू मुखवटा बरोबर घेऊन गेले. पण दिला तो अमर्याद मुदतीच्या उसनवारीवर. साताऱ्याला २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली तेव्हा ज्यांना आनंद आणि राग एकदमच आला, त्यांना ही उसनवारी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

निघताना

लगेच ट्राम पकडू नका. गावातल्या सेंट जॉन चर्चकडे चालत जा, फार लांब नाही. भिंतीलगत सात साध्या कबरी ओळीने आहेत, १८९७ च्या त्या उन्हाळ्यातल्या. फुलं न्यायची असतील तर आधीच घ्या. मावशींनी पर्समधली एक कवडी काढून तिथल्या दगडावर ठेवली आणि म्हणाल्या, “चल, पाऊस येतोय.” चौकातून ट्रामचा थांबा दिसतो. संध्याकाळी गाड्या जरा अंतराने येतात.